पावणेपंचवीस, पंचवीस की साडेपंचवीस: महागडी इलेक्ट्रिक गिटार घेण्याआधी

अडीच-तीन लाखांच्या पुढची गिटार घ्यायची ठरली की आधी एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे नंतर बदलता येणाऱ्या गोष्टी लिहा: पिकअप (तारेचा कंप टिपणारी चुंबकाची गुंडाळी), पोटेन्शिओमीटर (आवाजाची बटणं), नट (शेंड्याकडे तारा टेकतात ती खाचांची पट्टी), खुंट्या, बहुतेक वेळा ब्रिजसुद्धा (बॉडीवर तारा टेकतात तो भाग). उजवीकडे न बदलणाऱ्या: स्केल, नेकची म्हणजे मानेची जाडी, नेक बॉडीला कसा जोडलाय, हेडस्टॉकचा (खुंट्या बसतात त्या शेंड्याचा) कोन, वजन. दुकानातली आणि व्हिडिओंमधली सगळी चर्चा डाव्या रकान्याची असते. पैसे मोजायचे ते उजव्यासाठी. पिकअप आवडले नाहीत तर सोल्डरिंग आयर्न घेऊन एका दुपारचं काम. नेक आवडला नाही तर गिटार विकावी लागते.

इथे चार गिटार डोळ्यांसमोर ठेवतो, कारण या किमतीतली बहुतेक माणसं याच चौघींत घुटमळतात: गिब्सनची लेस पॉल स्टँडर्ड, फेंडरची अमेरिकेत बनलेली स्ट्रॅटोकॅस्टर, पीआरएसची कोअर मालिकेतली कस्टम २४ आणि सुरची क्लासिक एस. (या सुरचा आपल्या सुराशी संबंध नाही. फेंडरच्या कस्टम शॉपमध्ये मास्टर बिल्डर असलेल्या जॉन सुर यांचं ते आडनाव.)

स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी. स्ट्रॅट आणि सुर साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिमी. पीआरएस पंचवीस इंच, ६३५ मिमी. लेस पॉल पावणेपंचवीस, ६२९ मिमी, आणि पट्टी लावून मोजली तर त्याहून किंचित कमीच भरते. एकोणीस मिलिमीटरने काय होतं? तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा ते शेहेचाळीसचा (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात) तोच संच लावला तर सगळ्यात बारीक तारेवर स्ट्रॅटमध्ये साधारण ७.३ किलोचा ताण असतो, लेस पॉलमध्ये ६.९. सहा टक्के कमी. सहाही तारांचा हिशेब केला की हाताला फरक चांगलाच कळतो: लेस पॉलवर तार ओढायला सोपी, पण जोरात वाजवणाऱ्याच्या हाताखाली ती लवकर भरकटते. स्ट्रॅटची तार ताठ, खालचे सूर घट्ट. म्हणून स्ट्रॅटवर नऊचा संच आणि लेस पॉलवर दहाचा लावणारे पुष्कळ. तसं केलं की ताणाचा तो फरक उरत नाही, उलट स्ट्रॅटचीच तार हाताला सैल लागते. उरतो तो बोटांच्या अंतराचा: नट ते पहिली फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) स्ट्रॅटवर ३६.४ मिमी, लेस पॉलवर ३५.३. छोट्या पंजाला पहिल्या चार फ्रेटमधली ताणलेली कॉर्ड इथे सापडते किंवा निसटते.

पीआरएस मधली आहे म्हणून तडजोड समजू नका. मात्र कस्टम २४च्या नावातल्या चोविसाची एक किंमत आहे. बावीस फ्रेटच्या गिटारमध्ये नेकजवळचा पिकअप साधारण तिथे येतो जिथे चोविसावी फ्रेट आली असती, म्हणजे तारेच्या एक चतुर्थांश लांबीवर. तो गोल, बासरीसारखा आवाज त्या जागेचा आहे. चोवीस फ्रेट बसवल्या की पिकअपला ब्रिजकडे सरकावं लागतं आणि आवाज जरा नाकात येतो. दोन जादा फ्रेट तुम्ही खरंच वाजवता का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. ब्लूज वाजवणाऱ्याने बावीसची बघावी.

नेकच्या जाडीबद्दल कंपन्यांची नावं फसवी असतात. गिब्सनची ‘स्लिमटेपर’, फेंडरची ‘डीप सी’ आणि ‘मॉडर्न डी’, पीआरएसची ‘पॅटर्न’ आणि ‘पॅटर्न थिन’. नावावर जाऊ नका, डिजिटल कॅलिपर घ्या. आत्ता जी गिटार हातात सुखाने बसते तिचा नेक पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी मोजा. कॅलिपरचा एक जबडा तारांच्या मधून फिंगरबोर्डवर (नेकच्या पुढच्या, फ्रेट बसवलेल्या फळीवर) टेकवायचा, दुसरा पाठीवर. २०-२१ मिमी आणि २२-२३ मिमी आलं तर नेक बारीक. २३ आणि २५ मिमीच्या आसपास गेलं तर तो पन्नाशीच्या दशकातल्या लेस पॉलचा भरीव घाट. हे दोन आकडे मोबाइलमध्ये ठेवा आणि दुकानातल्या प्रत्येक गिटारला लावा. बारीक नेक नेहमी सोपा हा गैरसमज आहे. अंगठा नेकवर चढवून वाजवणाऱ्याचा तळवा बारीक नेकवर अधांतरी राहतो आणि तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. लेस पॉल स्टँडर्डच्या ‘फिफ्टीज’ आणि ‘सिक्स्टीज’ या २०१९पासूनच्या दोन आवृत्त्यांत हाताला कळणारा मोठा फरक हाच आहे. पिकअपही वेगळे आहेत, पण ते डाव्या रकान्यात.

फिंगरबोर्डची गोलाई हा पुढचा मुद्दा. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटची सव्वासात इंच, अमेरिकन प्रोफेशनल मालिकेची साडेनऊ, पीआरएसची दहा, लेस पॉलची बारा. आकडा लहान तेवढा फिंगरबोर्ड जास्त गोल. गोल फिंगरबोर्डवर कॉर्ड धरायला आराम, पण तार खाली आणून ठेवली आणि वरच्या फ्रेटवर पहिली तार दीड-दोन सूर ओढली की आवाज मध्येच गुदमरतो. ओढलेली तार कडेकडून मधल्या उंचवट्याकडे जाते आणि पुढच्या फ्रेटला घासते, म्हणून. मींडेसारखं ओढून वाजवायची सवय असेल तर सव्वासातच्या वाटेला जाऊ नये, किंवा तारा उंच ठेवायची तयारी ठेवावी. सुर आणि फेंडरची अल्ट्रा मालिका यावर तोडगा म्हणून गोलाई बदलत नेतात, नटकडे जास्त आणि बॉडीकडे सपाट. अल्ट्रावर ती दहापासून चौदा इंचांपर्यंत जाते. उपाय खरंच चालतो.

आता फ्रेट, कारण महाग गिटारमधलं खरं कसब इथे दिसतं. निकेल-सिल्व्हरच्या फ्रेट झिजतात. रोज दोन तास वाजवणाऱ्याच्या गिटारवर काही वर्षांत पहिल्या पाच फ्रेटवर तारांच्या खाचा दिसतात. त्या घासून सपाट करता येतात, दोन-तीनदा. उंची ०.६-०.७ मिमीच्या खाली गेली की तार बोटात पकडता येत नाही आणि सगळ्या फ्रेट नव्या बसवाव्या लागतात. लेस पॉलच्या नेकला कडेने प्लास्टिकची बाइंडिंग (चिकटवलेली किनार) असते आणि मेपलच्या फिंगरबोर्डवर लॅकर असतो, त्यामुळे या दोन्हींचं काम साध्या शिसवी फिंगरबोर्डपेक्षा किचकट आणि महाग. स्टेनलेस स्टीलच्या फ्रेट जवळपास झिजत नाहीत, घामाने काळ्या पडत नाहीत, तार त्यांच्यावरून लोण्यासारखी सरकते. सुरवर त्या सर्रास मिळतात. ‘स्टीलमुळे आवाज कर्कश होतो’ हे मत बरंच ऐकू येतं. माझ्या मते ॲम्पचं ट्रेबलचं बटण अर्ध्या आकड्याने फिरवण्याइतकाही तो फरक नाही.

लाकडाबद्दल थोडक्यात. बॉडीचं लाकूड वजन ठरवतं, अंगाला लागणारा कंप ठरवतं. ॲम्प तापून आवाज फाटायला लागला की त्याचा वाटा फार उरत नाही. वरच्या मेपलवरचे वाघाचे पट्टे पूर्णपणे डोळ्यांसाठी. पीआरएस ‘टेन टॉप’ म्हणून जास्त पैसे घेते ते त्या पट्ट्यांचे. हौस असेल तर जरूर द्या, पण आवाजाच्या खात्यात मांडू नका. फिंगरबोर्डचं रोझवूड मात्र गमतीचं आहे. आज ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात ती आपली शिसव, सह्याद्रीत आणि दक्षिणेत वाढणारी. इथून अमेरिकेत जाते, गिटारवर बसते आणि ड्युटी भरून परत येते.

वजन ही उजव्या रकान्यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. स्ट्रॅट आणि पीआरएस साधारण साडेतीन किलोच्या आगेमागे. लेस पॉल स्टँडर्डची बॉडी आतून पोकळ केलेली नसते, त्यामुळे ती चारच्या वर सहज जाते, कधी साडेचार. एकाच मॉडेलच्या दोन गिटारमध्ये अर्धा किलोचा फरक पडतो, म्हणून परीक्षणात वाचलेलं वजन तुमच्या गिटारचं नसतं. विमानाचं सामान तोलायचा हुकाचा काटा खिशात ठेवा, पट्ट्याला अडकवून दुकानातच तोला. मग पट्टा गळ्यात घालून वीस मिनिटं उभं राहून वाजवा. बसून तर सगळ्याच गिटार चांगल्या वाटतात.

दुकानात, ॲम्प लावण्याआधी

ॲम्पचा आवाज दोष झाकतो. म्हणून पहिला अर्धा तास कोरडी वाजवा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, एकेक सूर पूर्ण विझेपर्यंत. एकाच जागी सूर लवकर मेला किंवा झरझरला तर पुढची फ्रेट उंच आहे किंवा दाबलेली खचली आहे. या किमतीत हे खपवून घ्यायचं कारण नाही. मोकळ्या तारेला सतारीसारखा झणकार येत असेल तर नटची खाच पुढच्या बाजूला सपाट झाली आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याला जी जवारी मेहनतीने काढतो तीच इथे दोष ठरते.

नेकचा बाक बघायचा तर तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट आहे ते बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम शिरेल एवढी. फट जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर लगेच नाकारू नका, ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करायची धातूची सळई) त्यासाठीच असतो. दुकानदाराला पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा. रॉड पूर्ण सैल करूनही नेक मागे वाकलेलाच राहत असेल, किंवा पूर्ण आवळूनही पुढे झुकत असेल, तर ती गिटार सोडा. तिच्याजवळ पुढच्या ऋतूसाठी काही शिल्लक नाही.

नटची उंची तपासायला तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट राहिली पाहिजे, बोटाने टिचकी मारली की बारीक ‘टिक’ ऐकू येईल इतकी. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवरची कॉर्ड बेसूर लागते आणि लोक उगाच पिकअपला किंवा स्वतःच्या कानाला दोष देतात.

सूर टिकतो का, हे दोन प्रकारे पाहायचं. तार जोरात ओढून सोडली आणि सूर उतरला, किंवा ट्रेमोलोचा (ब्रिज हलवून सूर खाली-वर करायचा) दांडा दाबून सोडला आणि सूर चढला, तर दोन्हीचं कारण बहुधा एकच: तार नटच्या खाचेत अडकते. ओढताना ती नटमधून ब्रिजकडे सरकते आणि परत जात नाही, म्हणून सैल राहते. दांडा दाबल्यावर उलट, ती खुंटीकडे सरकून तिथेच बसते. सूर उतरला असताना नट आणि खुंटीच्या मधली तार बोटाने दाबून सोडा. सूर जागेवर आला की खात्री पटली. लेस पॉलची तिसरी तार या बाबतीत बदनाम आहे. हेडस्टॉक मागे १७ अंशांत वाकलेला, त्यात मधल्या दोन तारा नटनंतर बाजूला वळून खुंटीकडे जातात, म्हणून खाचेच्या कडेला घासतात. खाच त्या दिशेने किंचित रुंद करून पेन्सिलचं शिसं भरलं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. खुंट्या बदलण्यावर पंधरा हजार घालवण्याआधी ही दहा रुपयांची पेन्सिल वापरून बघा.

मग ॲम्प. स्विचची प्रत्येक जागा, प्रत्येक बटण शून्यापासून दहापर्यंत. आवाज कमी करताना तो मंद होत नुसता बुळबुळीत होतोय का ते ऐका. तसं झालं तर व्हॉल्यूमवर एक छोटा कपॅसिटर लावून घेता येतो, गिटार नाकारण्याचं ते कारण नाही. स्ट्रॅटचे सिंगल कॉइल पिकअप गुणगुणणारच, आपल्याकडे पन्नास हर्ट्झच्या विजेचा तो आवाज आहे. जागच्या जागी वळून बघा, एका दिशेला तो जवळपास जातो. घरी मात्र गुणगुण दुकानापेक्षा कितीतरी जास्त येत असेल तर आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसलेल्या ॲम्पला जोडलेली गिटार हातात धरून माइकला ओठ लावला की झटका बसू शकतो. वाजवायच्या खोलीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असावाच.

हवा

इलेक्ट्रिक गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात जुलैत ऐंशीच्या खाली क्वचित येते, आणि नागपूर-अकोल्यात मे महिन्यात हवा इतकी कोरडी की फिंगरबोर्ड आडवा आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन बोटाला खरवडतात. हा कारखान्याचा दोष नसतो. टोकं घासण्याआधी गिटार दोन आठवडे नीट आर्द्रतेत ठेवा, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर तीच टोकं आत गेलेली दिसतील. भाजलेल्या मेपलचा नेक या सगळ्यात कमी हलतो, कारण भट्टीत त्यातला ओलावा कायमचा काढलेला असतो. किनारपट्टीवर राहणाऱ्याने त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. केसमध्ये शंभर-दोनशे रुपयांचा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवा. सिलिका जेल पावसाळ्यातच, बारा महिने नाही.

लेस पॉलवर नायट्रोसेल्युलोजचं फिनिश असतं. दिसायला सुरेख, पण दमट हवेत नेकची पाठ घामाने चिकट होते. राखाडी स्क्रब पॅडने हलक्या हाताने चमक घालवली की हात सरकतो. स्टील वूल वापरायचं तर पिकअप टेपने झाकून घ्या, तिची भुकटी चुंबकांना चिकटली की निघता निघत नाही. आणि रबर किंवा पीव्हीसीच्या स्टँडवर ही गिटार ठेवू नका. ते रसायन फिनिश विरघळवतं, काळा डाग आयुष्यभर राहतो. स्टँडला सुती कापड गुंडाळा. जुनाट दिसावी म्हणून कारखान्यातच खरवडलेल्या गिटारला जास्त पैसे मोजणाऱ्यांबद्दल काय बोलावं. दादरला चार पावसाळे काढले की ते काम फुकटात होतं.

जुनी घेताना

लेस पॉलचा हेडस्टॉक तुटतो, हे तिच्या बांधणीतच आहे. महोगनी मऊ, कोन तिरका, आणि ट्रस रॉड आवळायच्या नटसाठी नेमक्या बारीक जागी लाकूड कोरलेलं. केस उताणी पडली तरी पुरे. म्हणून जुनी लेस पॉल घेताना नटच्या मागे, नेकच्या पाठीवर टॉर्च आडवा धरा. केसासारखी रेघ, रंगाचा वेगळा थर, नख अडकणारी कड दिसली तर दुरुस्ती झाली आहे. नीट चिकटवलेली गिटार उत्तम वाजते आणि तशी बाजारात स्वस्त मिळते, पण विकणाऱ्याने सांगितलं पाहिजे आणि किंमत तशी लावली पाहिजे. स्ट्रॅटचा नेक चार स्क्रूंचा, हेडस्टॉक सरळ. पडली तर खरचटते.

नकली लेस पॉल ओळखायला ट्रस रॉडचं झाकण बघा. गिब्सनच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, नकलींना बहुधा तीन. झाकण काढल्यावर आत पितळी षटकोनी नट दिसायला हवा, ॲलन किल्लीचं भोक दिसलं तर हात जोडा. विकणारा झाकण काढू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

परदेशातून भाच्याबरोबर मागवणार असाल तर खरेदीची पावती बरोबर हवी. ड्युटीचा हिशेब किमतीवर होतो, आणि कुरिअरने आली तर किमतीत वाहतूक आणि विमाही धरतात. ब्राझिलियन रोझवूड असलेली जुनी गिटार मात्र मागवूच नका. ते झाड १९९२पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमेवरच अडकते. साध्या शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९च्या नोव्हेंबरपासून त्या कागदपत्रांतून सूट आहे. प्रवासात तारा एक-दोन सूर सैल करा, केसमध्ये नेकला नटच्या मागे खालून आधार द्या आणि हेडस्टॉकच्या भोवती मऊ कापड असं भरा की तो हलणार नाही, पण त्याच्यावर भारही येणार नाही.

घरी आल्यावर लगेच सेटअप (जुळणी) करू नका. दोन आठवडे तुमच्या हवेत मुरू द्या. मग नव्या तारा, आणि क्रम हाच: आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर नेमका लागणं), शेवटी पिकअप. लेस पॉलवर बाराव्या फ्रेटशी जाड तार २ मिमी, बारीक १.२ मिमी. स्ट्रॅटवर सतराव्या फ्रेटशी १.६ मिमी. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा लागला तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा तुकडा) मागे, उतरा लागला तर पुढे. पिकअपची उंची मोजताना तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. स्ट्रॅटच्या पिकअपला जाड तारेखाली २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी अंतर ठेवा. याहून जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो, जाड तारेवर वरच्या फ्रेटना दोन सूर एकमेकांशी भांडल्यासारखे ऐकू येतात, आणि इंटोनेशन कितीही जुळवलं तरी जुळत नाही.